पहिल्या शिकारी रायफलसाठी स्कोप: निवडण्यापासून झिरो करण्यापर्यंत

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीचं दार बंद झालं. त्यामुळे आज अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला नोव्हेंबरातल्या हरणाच्या सीझनला जावंसं वाटलं, तर घरात विचारायला कुणी नसतं. रायफल तो दुकानात विचारून घेतो. स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची नेमाची दुर्बीण, मात्र बहुतेक वेळा चुकीचा घेतो: आकड्यांनी मोठा, वजनाला जड आणि नको त्या ठिकाणी स्वस्त.

इथे गृहीत धरलेली रायफल एकच आहे. बोल्ट-ॲक्शन, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट ओढून पुढचं काडतूस भरायची; काडतूस .३०८ विंचेस्टर, .३०-०६ किंवा ६.५ क्रीडमूर. तीच पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात पन्नास-ऐंशी यार्डांवर चालायची आहे आणि पुढे कधी कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणासाठी अडीचशे यार्डांवरही.

त्याआधी कागदपत्रांचं थोडक्यात. बहुतेक राज्यांत शिकार परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. म्हणजे आधी परवाना, मग रायफल. राज्याचे नियम वेगळे बघावे लागतात ते निराळंच. न्यू जर्सीत हरणासाठी सेंटरफायर रायफल, म्हणजे वर सांगितल्यासारख्या काडतुसांची, चालत नाही, म्हणून एडिसनकडच्या माणसाला रायफल घेऊन डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात जावं लागतं.

पायरी १: आकडे वाचायला शिका

स्कोपवर ३-९×४० असं लिहिलेलं असतं. समोरची गोष्ट तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे, एवढाच त्याचा अर्थ. हाच स्कोप अमेरिकेत गेली कित्येक दशकं हरणाच्या रायफलवर सर्रास दिसतो. पहिला स्कोप म्हणून तोच घ्या. ज्यांना थोडी अधिक सोय हवी, त्यांनी २.५-१०×४२ बघावा. सगळी शिकार दाट झाडीतच होणार असेल तर २-७×३३ पुरतो. ४-१६×५० किंवा त्याहून मोठे स्कोप लक्ष्याच्या कागदावर आणि उघड्या माळावर शोभतात. झाडीत ते अंगाशी येतात.

अंगाशी कसे येतात ते बघा. ३ पटीवर शंभर यार्डांवर साधारण ३३ फूट रुंदीचा पट्टा दिसतो, ९ पटीवर जेमतेम बारा-चौदा फूट. अंतर कमी झालं की पट्टाही त्याच प्रमाणात आकसतो. म्हणजे तीस यार्डांवर, ९ पटीवर, तुमच्या डोळ्यासमोर चार फुटांचा तुकडा उरतो. नवखा माणूस रेंजवरून (नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावरून) येताना स्कोप ९ वर ठेवून येतो, तसाच जंगलात चालतो, आणि हरीण पुढ्यात आल्यावर त्याला भिंगात फक्त तपकिरी केस दिसतात. खांदा की मांडी, काही कळत नाही. चालताना आणि मचाणावर बसल्यावर स्कोप कायम सर्वांत कमी पटीवर ठेवायचा. लांबचं जनावर दिसलं तर पट वाढवायला वेळ मिळतो, जवळचं दिसलं तर कमी करायला मिळत नाही.

जनावर शोधायला स्कोप वापरू नका. स्कोपमधून बघणं म्हणजे भरलेली रायफल समोरच्या अनोळखी वस्तूवर रोखणं, आणि ती वस्तू दुसरा शिकारीही असू शकते. शोधायला गळ्यात ८×४२ ची दुर्बीण ठेवा. ती असली की स्कोपच्या मोठ्या पटीची गरज आपोआप कमी होते.

पायरी २: भिंग ४० की ५०?

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणावर बार काढायची मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते, आणि हरणं नेमकी याच संधिप्रकाशात हलतात. म्हणून दुकानदार ५० मिलिमीटरचं भिंग पुढे करतो. त्याला उत्तर द्यायला एक भागाकार पुरतो: भिंगाचा व्यास भागिले पट. उत्तर म्हणजे स्कोपमधून डोळ्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा व्यास. ४० ला ९ ने भागलं तर ४.४ मिलिमीटर, ६ ने भागलं तर ६.७. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सात मिलिमीटरच्या आसपास उघडते, पन्नाशीनंतर पाचच्या आसपास किंवा कमीच. बाहुलीपेक्षा मोठा ठिपका फुकट जातो.

म्हणजे उजेड कमी झाला की ५० चं भिंग विकत घेण्याऐवजी स्कोप ९ वरून ६ वर आणायचा. ५० च्या भिंगाला उंच रिंग (स्कोप रायफलवर धरून ठेवणारी कडी) लागतात, उंच रिंगमुळे गाल दस्त्यावरून उचलावा लागतो, आणि गाल उचलला की डोळा दर वेळी वेगळ्या जागी जातो. थोड्या उजेडासाठी एवढं मोजणं परवडत नाही. काचेवरचा लेप मात्र बघून घ्या. सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थर दिलेला, म्हणजे 'फुली मल्टी-कोटेड' असा उल्लेख हवा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच काचा छान दिसतात. परवानगी घेऊन संध्याकाळी दाराबाहेर नेऊन, सावलीतल्या झुडपाकडे बघून तुलना करा.

नळी एक इंची असावी की ३० मिलिमीटरची, यावर लोक विनाकारण वाद घालतात. जाड नळीने प्रकाश वाढत नाही. आतली फुली (नेम धरायच्या आडव्या-उभ्या रेघा) वर-खाली सरकायला जागा जास्त मिळते, आणि ती तीनशे यार्डांच्या आतल्या शिकारीला लागत नाही. वजन मात्र लागतं. साधा एक इंची ३-९×४० साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या घरात असतो. मोठ्या पटीचे जाड नळीचे स्कोप याच्या दुपटीला सहज पोचतात, आणि तो फरक डोंगर चढताना खांद्याला कळतो.

पायरी ३: फुली

फुली म्हणजे रेटिकल. बाहेरच्या बाजूला जाड आणि मध्याकडे बारीक होत जाणारी डुप्लेक्स फुली ल्यूपोल्डने १९६२ मध्ये आणली, आणि हरणासाठी अजून तिच्यापेक्षा सोपं काही नाही. अंधुक उजेडात बारीक रेघा दिसेनाशा झाल्या तरी जाड दांडे नजर मध्यावर आणतात.

खाली रेघोट्यांची शिडी असलेली फुलीही मिळते, लांबच्या अंतरासाठी. ती घ्यायची तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अमेरिकन शिकारी स्कोपमध्ये फुली बहुधा दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असते: पट बदलली तरी फुलीचा आकार तोच राहतो. त्यामुळे त्या रेघोट्यांचं गणित एकाच पटीवर बरोबर येतं, बहुधा सर्वांत मोठ्या. ९ वर तीनशे यार्डांची असलेली रेघ ५ वर वेगळ्याच अंतराची होते, आणि गोळी पाठीवरून निघून जाते. पहिल्या फोकल प्लेनमध्ये हा घोळ नाही, पण तिथे ३ पटीवर फुली कोळ्याच्या धाग्याएवढी बारीक दिसते. झाडीतल्या शिकारीला दुसऱ्या फोकल प्लेनचीच फुली बरी.

फुली सरकवायला फिरवायच्या खुंट्या टोपणाखाली झाकलेल्या घ्या. उघड्या, उंच खुंट्या झुडपात, गाडीच्या सीटवर, पिशवीत घासून फिरतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

पायरी ४: डोळ्याचं अंतर

स्कोपच्या मागच्या काचेपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं, ते हे अंतर. .३०-०६ सारख्या काडतुसाला किमान साडेतीन इंच हवं, चार असेल तर उत्तम. कमी असेल तर बार निघताच स्कोपची कड भुवईवर आदळते. रेंजवर भुवईच्या वर अर्धचंद्राकृती जखम घेऊन उभा असलेला माणूस दिसला तर कारण विचारायची गरज नसते. पट वाढवताना हे अंतर काही स्कोपमध्ये बरंच घटतं, म्हणून दुकानात दोन्ही टोकांना तपासा.

पायरी ५: भरवसा कशाला म्हणायचं

स्कोपच्या आत आणखी एक बारीक नळी असते. एका बाजूने खुंटीचा स्क्रू तिला ढकलतो, दुसऱ्या बाजूने स्प्रिंग दाबून धरते. प्रत्येक बाराला हा सगळा जुगाड धक्का खातो. स्प्रिंग कमकुवत असेल तर नळी दर बारानंतर थोड्या वेगळ्या जागी बसते, आणि कागदावर गोळ्या भटकायला लागतात. काच कितीही स्वच्छ असो, असा स्कोप निरुपयोगी. स्वस्त स्कोप इथेच मार खातो. काच आता स्वस्तातही बरी मिळते.

म्हणून पैसे यंत्रणेवर खर्च करा. ल्यूपोल्डची व्हीएक्स-फ्रीडम, व्होर्टेक्सची डायमंडबॅक, बरिसची फुलफील्ड या मालिकांमधले साधे ३-९×४० नवख्याला पुरतात. बजेट वाढवता येत असेल तर ट्रिजिकॉन किंवा नाइटफोर्सचे शिकारी स्कोप बघा. ते जड असतात, पण ठोकर सोसतात. निकॉनने रायफल स्कोप बनवणं थांबवलं आहे, जुने मिळतात, पण पहिल्या खरेदीत त्या वाटेला जाऊ नका. ल्यूपोल्ड आणि व्होर्टेक्स आजीवन हमी देतात, मालक बदलला तरी. हमी चांगलीच, पण ती सीझन संपल्यावर कामाला येते, डोंगरावर नाही.

आतल्या बाजूने धुकं धरू नये म्हणून नळीत नायट्रोजन किंवा अरगॉन भरलेला असतो. शिकारी स्कोपमध्ये ही पद्धत ल्यूपोल्डने १९४७ मध्ये रूढ केली. आज हे नसलेला स्कोप घेऊच नये.

.२२ च्या छोट्या काडतुसाच्या रायफलसाठी बनवलेला स्कोप मोठ्या रायफलवर चढवू नका. त्याचा पॅरॅलॅक्स पन्नास-साठ यार्डांना बांधलेला असतो, शिकारी स्कोपचा शंभर किंवा दीडशेला. डोळा मध्यातून किंचित सरकला की त्या फरकाने फुली लक्ष्यावरून हलल्यासारखी वाटते. उलट, भारतातल्या घरच्या स्प्रिंगच्या एअरगनवर साधा रायफल स्कोप लावायचा मोहही टाळा: ती बंदूक पुढे-मागे दोन्हीकडे धक्का देते, आणि अशा धक्क्यासाठी न बनवलेले स्कोप तिथे खिळखिळे होतात.

पायरी ६: बसवणं

स्कोप बिघडला म्हणून परत पाठवतात, त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ सैल स्क्रूत असतं. ही पायरी घाईत उरकू नका. लागेल ते असं: आवळण्याचा जोर इंच-पाउंडात दाखवणारा टॉर्क पाना, नेमक्या मापाचे बिट, निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव), स्पिरिट, कापसाचे बोळे आणि एक ओळंबा. गवंड्याचा ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, ते घरीही करता येतं.

मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चेंबरमध्ये बोट घालून रिकामं असल्याची खात्री करा. काडतुसं त्या खोलीत नकोतच.

बेस (रिंग ज्यावर बसतात ती रायफलवरची पट्टी) आणि रिंग तुमच्या रायफलच्याच हव्यात. रूगर अमेरिकनवर पट्टी बसवलेलीच येते, रेमिंग्टन ७०० ला बेस वेगळा घ्यावा लागतो, टिका टी-थ्रीएक्सला स्वतःची १७ मिलिमीटरची खाच आहे. नळी एक इंची असेल तर रिंग एक इंची; ३० मिलिमीटरच्या रिंगमध्ये चिंधी घालून बसवायचा विचारही नको. रिंगची उंची अशी की पुढचं भिंग बॅरलला टेकू नये, मध्ये वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर सहज सरकावं, आणि बोल्टची मूठ वर उचलताना मागच्या काचेला लागू नये. यापेक्षा उंच नको.

बेसच्या स्क्रूंवरचं आणि भोकांतलं कारखान्यातलं तेल स्पिरिटने पुसून काढा. हे न केल्यानेच बेस सैल होतो. थ्रेडलॉकरचा एकच थेंब, आणि साधारण २० ते २५ इंच-पाउंड. रिंग पट्टीवर ठेवल्यावर आवळण्याआधी ती पुढे, बॅरलच्या तोंडाकडे ढकलून खाचेला भिडवा. बार निघताना रायफल मागे येते आणि स्कोप जडत्वाने पुढे जाऊ पाहतो. रिंग आधीच भिडलेली असेल तर ती सरकायला जागाच उरत नाही.

आता स्कोप रिंगमध्ये सैल ठेवा. पट सर्वांत मोठी. शिकारीला घालणार तेच जाड जॅकेट घाला, कारण जॅकेटमुळे दस्ता पुढे जातो. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. स्कोप आधी पुढे ठेवून हळूहळू मागे आणा, कडेची काळी सावली गेली की थांबा. पालथं पडूनही एकदा बघा, तेव्हा डोळा पुढे सरकतो.

फुली सरळ करायला ओळंबा वीस-पंचवीस यार्डांवर टांगा. रायफल पाणसळीने सपाट करा आणि उभी रेघ दोरीवर आणा. थोडी कलंडलेली फुली शंभर यार्डांवर काही बिघडवत नाही. तीनशेवर गोळी बाजूला जायला लागते.

रिंगचे स्क्रू एकाआड एक, तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. बऱ्याच रिंगना १५ ते १८ इंच-पाउंड पुरतात, पण सोबतच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. इथे थ्रेडलॉकर नको. जास्त आवळलं की नळी चेपते, पट फिरवायचं कडं जड होतं, कधी आतली यंत्रणाच अडकते. बाहेरून नळी ठीक दिसते, म्हणून दोष कारखान्याला दिला जातो.

शेवटी मागची काच. कोऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे (सूर्याकडे नाही) दोन सेकंद बघा, डोळा काढा, काचेचं कडं थोडं फिरवा, पुन्हा बघा. फुली पहिल्याच नजरेत काळीभोर दिसली की झालं. सलग बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि तुम्ही फसता.

पायरी ७: झिरो करणं

झिरो करणं म्हणजे ठरलेल्या अंतरावर फुली जिथे, गोळीही तिथेच लागेल असा स्कोप जुळवणं. रेंजवर २५ यार्डांपासून सुरुवात करा. रायफल पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर टेकवा, बोल्ट काढून बॅरलमधून लक्ष्य मध्यात आणा, आणि रायफल न हलवता खुंट्या फिरवून फुलीही तिथेच आणा. पहिली गोळी कागदावर लागण्याची यातून जवळजवळ खात्री होते.

पाव एमओएच्या (एमओए हे कोनाचं माप) खुंटीचा एक क्लिक शंभर यार्डांवर गोळी पाव इंच हलवतो. २५ यार्डांवर तोच क्लिक इंचाचा सोळावा भाग. म्हणजे जवळ एक इंच हलवायला १६ क्लिक, शंभरवर ४. हा हिशोब न कळल्याने माणसं पहिल्याच दिवशी दोन डबे काडतुसं संपवतात. २५ वर गोळी मध्यात आली की लक्ष्य शंभरवर न्या.

शंभरवर तीन गोळ्यांचा गट मारा आणि गटाचा मध्य मोजा. एका गोळीवरून खुंटी फिरवू नका. समजा गट मध्याच्या तीन इंच खाली आणि दीड इंच उजवीकडे आहे, आणि तो तुम्हाला दोन इंच वर हवा आहे. मग वर ५ इंच, म्हणजे २० क्लिक. डावीकडे ६ क्लिक. बॅरल पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग पुढचा गट. हरणावरची पहिली गोळी थंड बॅरलमधूनच जाणार आहे.

दोन इंच वर का? .३०-०६ ची १६५ ग्रेन वजनाची गोळी २८०० फूट प्रतिसेकंद वेगाने निघत असेल, तर शंभरवर दोन इंच वर लागणारी गोळी दोनशेवर मध्यात येते आणि तीनशेवर आठ-नऊ इंच खाली जाते. हरणाच्या छातीतला मर्मभाग साधारण आठ इंचांचा. त्यामुळे सव्वादोनशे-अडीचशे यार्डांपर्यंत नेम मध्यावर धरून चालतं. त्यापुढे नवख्याने बार काढू नये.

पायरी ८: गोळ्या भटकल्या तर

दोष शोधायचा क्रम ठरलेला ठेवा. आधी बेस आणि रिंगचे स्क्रू. नळीवर रिंगच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून ठेवलीत तर स्कोप सरकला का ते लगेच दिसतं. मग दस्ता आणि ॲक्शन (बोल्ट बसतो तो धातूचा भाग) जोडणारे स्क्रू, ते सैल असले तरी लक्षण हेच. मग काडतुसं: एकाच डब्यातली आहेत ना? मग तुम्ही स्वतः. मित्राला मॅगझिनमध्ये तुमच्या नकळत एखादं डमी काडतूस मिसळायला सांगा. ते आल्यावर चाप दाबताना बॅरल खाली झुकलं तर तुम्ही धक्क्याला आधीच घाबरता आहात, आणि ते कुठलाही स्कोप दुरुस्त करणार नाही. हे सगळं झाल्यावरच चांगला माहीत असलेला दुसरा स्कोप चढवून बघा. त्याने गट आवळला गेला तर तुमचा स्कोप कंपनीकडे पाठवा.

थंडीतून उबदार घरात आणल्यावर काचेवर बाहेरून धुकं येतं. तो बिघाड नाही. आतून आलं तर नळी गळते आहे.

विमानाने कोलोरॅडोला गेलात तर शिकारीच्या आदल्या दिवशी तीन गोळ्या मारून झिरो तपासा. सुट्टीत भारतात येताना मात्र स्कोप बॅगेत टाकू नका: रायफल स्कोपवर अमेरिकेचं निर्यात-नियंत्रण लागू आहे. आणि काडतुसाचा ब्रँड, गोळीचं वजन किंवा नुसता डब्यावरचा लॉट नंबर बदलला तरी झिरो पुन्हा तपासा. दस्त्याच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून त्यावर काडतुसाचं नाव, लॉट आणि '१०० ला दोन वर, २०० ला मध्यात, ३०० ला नऊ खाली' असं पेन्सिलने लिहून ठेवा. शाई पावसात पसरते.